डगला, पितळ आणि ब्रासो

मागच्या पौषातली गोष्ट. दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात ते मे महिन्यात थट्टा वाटते, पण पौषातल्या पहाटे गोठ्यात जायची पाळी आली की पटतं. काकी दूध काढून किटली घेऊन येत होती. अंगात आजोबांचा मिलिटरी डगला, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, पायात झिजलेल्या स्लिपर. अंगणात पुण्याहून आलेला एक तरुण उभा होता. ओळखीतून ओळख काढत आलेला, जुने लष्करी कपडे आणि सामान जमवणारा. त्याने काकीला पाहिलं म्हणजे डगला पाहिला. “मावशी, एक मिनिट हां,” म्हणाला, दोन पावलं पुढे झाला आणि तिच्या अंगात असलेल्या डगल्याची कॉलर मागून उलटून मोबाइलच्या उजेडात आत बघायला लागला. शिंप्याकडे मापाला उभ्या केलेल्या पोरीसारखी काकी किटली धरून गप्प. आतल्या अस्तरावर शिक्का होता. साल धुऊन गेलेलं, पण लष्करी मालावर असायचं ते बाणाचं चिन्ह शाबूत. “ओरिजिनल आहे,” तो मला म्हणाला. काकीच्या डोक्यावरून.

मुलगा उद्धट नव्हता हे आधी सांगतो. चहा घेताना त्याने कपबशी स्वतः उचलून मोरीवर नेऊन ठेवली, काकीच्या पाया पडला. पुण्यात नोकरी, रविवार-बुधवार जुन्या बाजारात चक्कर, घरातली एक अख्खी खोली पाण्याच्या बाटल्या, पट्टे, टोप्या, बिल्ले यांनी भरलेली. बायको अजून घरात राहते याचं त्यालाच नवल वाटत होतं. त्याने डगल्याची किंमत सांगितली तेव्हा काकी हसली. “एवढ्यात तर पाडी येल,” म्हणाली. मग विचारलं, “नेऊन काय करनार तुमी त्याचा? घालनार?” तो म्हणाला, नाही, ठेवणार. “नुसता?” नुसता. काकीने मान हलवली आणि दूध तापवायला आत गेली. सौदा झाला नाही. पण त्या उलटलेल्या कॉलरीने मला नंतर बरेच दिवस सोडलं नाही. माझी तक्रार नेमकी काय होती? तो बघत होता ते मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मला तो डगला म्हणजे शेणाचा, धुराचा आणि काकीच्या तपकिरीचा वास, एवढंच ठाऊक होतं.

आमच्याकडे पलटणीतून आलेली वस्तू कोणी जपत नसे. ठेवणं म्हणजे वापरात ठेवणं. आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आले तेव्हा त्यांच्याबरोबर जे काय आलं ते घराने हळूहळू पचवलं. हॅवरसॅक बाबांचं दप्तर झाली, आणि तिचा पट्टा तुटल्यावर काजूच्या बिया गोळा करायला गेली. मेसटिनच्या जोडीतल्या मोठ्या भांड्याने आजी तांदूळ मोजायची. धाकटं चुलीशेजारी मिठाला, त्यामुळे त्याच्या ॲल्युमिनियमला आतून देवीच्या वणांसारखे खड्डे पडलेले. पायाला गुंडाळायच्या लोकरीच्या पट्ट्या बाळंतिणीचं पोट बांधायला निघत. आमच्या घरातली निदान तीन बाळंतपणं किंग जॉर्जच्या पट्ट्यांवर निभावली, असं आत्या सांगते. ग्राउंडशीट पडवीच्या टोकाला, पागोळ्या आत येतात तिथे, टांगलेली. खिळ्यांचे बूट आजोबांनी स्वतःच झिजवले. जांभ्याच्या पाखाडीवरून ते उतरायचे तेव्हा बूट आधी ऐकू यायचे आणि मग आजोबा दिसायचे, आणि पोरं पत्ते लपवायची. शेवाळलेल्या पाखाडीवर खिळे सटकतात म्हणून पावसाळ्यात मात्र तेही अनवाणीच. काळी पत्र्याची ट्रंक तेवढी जशीच्या तशी राहिली, कारण तिला कुलूप होतं. तिच्यात सातबारा, खरेदीखत, रेशनकार्ड. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचा नंबर. तो नंबर आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

म्हणजे उरलं काय, तर ज्याला कुलूप होतं ते, आणि ज्याचं दुसरं काही होऊ शकत नव्हतं ते.

हे मला पदकांवरून नीट उमगलं. पलीकडच्या वाडीतल्या एका घरी पणजोबा ‘बसऱ्याला’ गेलेले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झालेल्या लढायांना आमच्याकडे सगळे एकजात बसराच म्हणतात, मग माणूस कुतच्या वेढ्यात सापडलेला असो की पुढे बगदादपर्यंत गेलेला. त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात एक पदक आहे, पंखवाल्या बाईचं, इंद्रधनुष्यासारखी फीत असलेलं. ते व्हिक्टरी मेडल, ब्राँझचं. त्याच्या जोडीला प्रत्येक शिपायाला आणखी एक मिळायचं, ब्रिटिश वॉर मेडल, आणि ते चांदीचं, साधारण औंसभर वजनाचं. ते कुठे आहे? घरातल्या म्हाताऱ्या वहिनींनी सहज सांगितलं, “त्याचे वाळे केले. आमच्या सासऱ्यांच्या बारशाला.” पुण्याच्या मुलाने हे ऐकून कपाळावर हात मारला. कोकणात फिरताना त्याला हेच दिसतं म्हणे. ब्राँझचं सापडतं, चांदीचं सोनाराकडे गेलेलं असतं. मला त्यात गैर काही दिसलं नाही. औंसभर चांदी बाळाच्या पायात वाजते हे ती ट्रंकेत काळी पडण्यापेक्षा बरंच. पण मग त्याने एक गोष्ट सांगितली आणि मी जरा थांबलो. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. उलट गावोगावी शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत त्या युद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर फक्त आकडे आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे दगडात राहिले आणि नावं वितळून वाळ्यांत गेली. वाळेही पुढे कुणाच्या तरी लग्नात मोडले असणार.

बौद्धवाडीतल्या हवालदारांकडे जायला आधी मला संकोच वाटत होता. पण त्या मुलाला महार रेजिमेंटचा बिल्ला हवा होता, आणि आमच्या पंचक्रोशीत त्यासाठी दुसरीकडे कुठे जाणार? दापोलीला म्हातारी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात. छावणी गेली, पण पेन्शनर राहिले, आणि त्या पेन्शनरांच्या घरांतून काय काय निघालं हे महाराष्ट्राला माहीत आहे. मंडणगडातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथे राहिले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन इथेच आले. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली तेव्हा तिच्याविरुद्धचा अर्ज तयार केला तो त्यांनीच. १९१७ मध्ये गरज पडली म्हणून १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपली तशी १९२१ मध्ये मोडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात पुन्हा रेजिमेंट उभी राहिली ती आजवर आहे. आमच्या आळीत पलटण म्हणजे मनीऑर्डर. त्या वाडीत पलटण म्हणजे गावाने अंगाला लावून घेतलं नसतं ते कापड सरकारने अंगावर चढवणं. एकाच गावात, एकाच रंगाच्या कापडाचे असे दोन अर्थ.

हवालदारांनी भिंतीवरचे फोटो दाखवले. बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्याच ओळीत गणवेशातले त्यांचे वडील. मग आतून एक डबी आणली. तिच्यात कापसावर दोन बिल्ले. “हा बापाचा,” ते म्हणाले. त्यावर कोरेगावचा स्तंभ. “हा माझा.” त्यावर एकमेकांवर आडव्या टाकलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि मधोमध स्तंभाच्या जागी खंजीर. मशीनगन आल्या त्या १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनची पलटण केल्यावर. खंजीर त्यानंतरचा. मुलगा डबीवर वाकला, श्वाससुद्धा जपून घेत होता. वडिलांच्या बिल्ल्याची किंमत विचारायचं त्याच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. हवालदारांनाही दिसलं असणार, कारण ते हसले, आतल्या खोलीत गेले आणि एक तिसरा, कोरा करकरीत बिल्ला घेऊन आले. “मध्य प्रदेशात सागरला रेजिमेंटच्या सेंटरात गेलो होतो, तिथनं आणलेले चार. हा घ्या. फुकट.” मुलगा वरमला. पण घेतला. मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला, कारण घेतल्यावर त्याने स्तंभाच्या बिल्ल्याचा नुसता फोटो मागितला, आणि फोटो काढताना बिल्ला हातात घेण्याआधी विचारलं.

तो गावात आला होता जोंगा घेऊन. जुन्या ‘निस्सान पॅट्रोल’ जीपच्या धर्तीवर जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून तीसेक वर्षं बनलेली ही गाडी, लष्कराने लिलावात काढलेली. रंग हिरवा, पण लष्कराचा हिरवा नव्हे, तसा रंगवलेला चालत नाही म्हणाला. आमच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये अशी काही ओरडली की समोरच्या आंब्यावरची माकडं पळाली. गल्लीतली पोरं जमली, म्हातारे उठून उभे राहिले. माझ्या लहानपणी लाकडाच्या ठेकेदाराकडे डिस्पोजलमध्ये घेतलेला शक्तिमान ट्रक होता. जर्मन ‘मान’ कंपनीचा परवाना घेऊन जबलपूरलाच बनलेला. जंगलातल्या वाटेने सागाचे ओंडके घेऊन तो उतरायचा तेव्हा डिझेल, ओलं लाकूड आणि तापलेले ब्रेक असा मिश्र वास अर्धा तास गावात राहायचा. आज तो ट्रक असता तर या मुलाने सोन्याच्या भावाने घेतला असता. पण ठेकेदाराने त्याची चासीसुद्धा कापून विकली. लष्कराच्या गाड्यांच्या नंबरात तोच वर जाणारा बाण असतो, काकीच्या कॉलरीतला, आणि त्याच्या शेजारच्या दोन आकड्यांवरून गाडीचं साल कळतं. लिलावात विकली की बाण जातो आणि एमएच शून्य आठ नाहीतर बारा येतं. मला वाटलं, गावच्या पेन्शनरांचंही तेच. नंबर गेला की ‘अमक्याचे अप्पा’.

आजोबा युद्धाबद्दल बोलत नसत. इटलीत होते एवढं माहीत. एकदाच, लावणीच्या दिवसांत, मी चिखलात रुतून रडायला लागलो तेव्हा बांधावरून म्हणाले, “हा चिखल पाय सोडतो. तिकडचा सोडत नसे.” बस. इटलीतल्या त्या हिवाळ्याबद्दल पुढे जे काही वाचलं त्यात मला हे वाक्यच भेटत राहिलं. बाणकोटची खाडी ओलांडून माणगावला गेलं की तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा बावीस वर्षांचा पोरगा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. ग्रेनेड टाकला, टॉमी गन चालवली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलो, पण ती पहिल्यांदा अंगावर आली ती या मुलाने सहज सांगितलं तेव्हा, की टॉमी गनचं वजन पाच किलोच्या आसपास असतं आणि भरपूर गोळ्या झाडल्यावर तिची नळी हाताला धरवत नाही. तोवर मी फक्त शौर्य ऐकत होतो. त्या मुलाने मला तळहात दिला. जमवणाऱ्यांविषयी माझ्या मनात जी अढी होती ती तिथे बरीच सैल झाली.

सगळी नाही.

कारण कोकणात वस्तू ठेवणं हे निसर्गाशी भांडण आहे, आणि त्या भांडणात हे लोक कधीकधी माणसापेक्षा दमट हवेला जास्त घाबरतात. आमच्याकडे आषाढात कातड्यावर पांढरी बुरशी येते, लोकरीला कसर लागते, पितळ हिरवं पडतं, लोखंडाचं तर बोलूच नका. खाऱ्या वाऱ्याने हर्णैला गंजतं ते वर घाटावर दहा पावसाळे काढेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमचे कोने-कौलं उडून शेजाऱ्याच्या परसात पडली, आणि दोन रात्री ट्रंकेवर सरळ आभाळातून पाणी पडत होतं. आतला सातबारा वाचला. आजोबांच्या पदकांच्या फिती मात्र एकमेकींत रंग सोडून सगळ्या जांभळट झाल्या. मी मुलाला त्या दाखवल्या तर म्हणाला, बदलून मिळतात, नव्या फिती विकत मिळतात, पण बदलू नका. पितळी बिल्ल्याला आमची आत्या दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासायची हे ऐकून तर तो अक्षरशः उठून उभा राहिला. घासायचं नाही. ब्रासो, ते पितळेचं पॉलिश, तर मुळीच नाही. प्रत्येक घासण्यात नक्षीचा एक पापुद्रा जातो. मी म्हटलं, अरे, शिपायाचं निम्मं आयुष्य पट्ट्याला ब्लँको आणि बिल्ल्याला ब्रासो लावण्यात जातं, त्याचा बिल्ला मळकट ठेवणं हा त्याचा अपमान नाही का? तो म्हणाला, “तुमचं बरोबर आहे काका. झिजलेला बिल्ला म्हणजे खरा वापरलेला. पण आता तो कोणी वापरत नाही ना.” उत्तर बिनतोड होतं. मला पटलं मात्र नाही.

दापोलीच्या बाजारात मिलिटरी छापाच्या पँटी टांगलेल्या दिसतात. अग्निवीराच्या तयारीची पोरं त्या घालून पहाटे मुरुडच्या किनाऱ्यावर धावतात. २०२२ च्या सैन्यदिनाला सैन्याने नवा, बारीक चौकटींचा लढाऊ गणवेश दाखवला, त्याच्या नक्षीचे हक्क नोंदवले आणि तो खुल्या बाजारात विकायला बंदी केली. त्यामुळे टांगलेल्या असतात त्या जुन्याच छापाच्या. शिपाई नसताना शिपायाचा वेष करणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमात त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. मात्र लोकांनी आपल्याला शिपाई समजावं असा हेतू लागतो. काकी त्यातून सुटते. म्हशीची दिशाभूल झाली असेल तर सांगता येत नाही.

तर काकी. शिमग्याच्या सुमारास तिचा फोन आला. “त्या पोराला सांग, डगला नेऊ दे.” मला धस्स झालं. काय झालं, पैशांची अडचण? छे. खांदे दुखतात म्हणाली, डगला भिजला की मणभर होतो. मुंबईच्या नातीने आणलं तसलं हलकं, चेनचं जाकीट तिला हवं होतं. पैसे नकोत, तसलं एक जाकीट दे म्हणावं, निळं. मी तिला समजवायला गेलो, काकी, आजोबांची आठवण आहे. ती म्हणाली, “आठवन काय डगल्यात हाय? आनि तुला एवढी हाय तर तू घाल, म्हशी पिळायला ये.” फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि राग पण आला, आणि राग कुणाचा हे कळेना. ज्या डगल्याची कॉलर उलटली म्हणून मी इतके दिवस मनात कुढत होतो, तो तिने एका जाकिटावर दिला. मुलाने निळं जाकीट पाठवलं, चांगल्या कंपनीचं, आणि डगला नेताना तिच्याकडून लिहून घेतलं की तो तिने किती हिवाळे, कुठे, कशासाठी घातला. काकीने सांगितलं, त्याने लिहिलं, तिने सही केली. त्या कागदावर आजोबांची एक ओळ आहे आणि काकीच्या सात-आठ.

गुहागरकडचे माझे मामा नौदलात स्टोकर होते, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवर. विक्रांतवर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडे कोणी काही विचारत नसे. १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. हे सगळ्यांना माहीत. पण त्या वेळी तिच्या बॉयलरच्या ड्रमला तडे होते आणि वाफेचा दाब कमी ठेवूनच ती चालवावी लागत होती, हे मामांच्या तोंडून ऐकायचं. वर डेकवर विमानं उडताना लोक टाळ्या वाजवायचे, खाली आम्ही दाबाच्या काट्याकडे बघत देवाचं नाव घ्यायचो, म्हणतात. पुण्याच्या मुलाने त्यांना आपल्या संग्रहातल्या नौसैनिकाच्या पुतळ्याचा फोटो पाठवला. पांढरे कपडे, निळी कॉलर, डोरी, टोपी. मामांनी चष्मा लावला आणि चुका काढायला घेतल्या. बेलबॉटमला उभी इस्त्री? आमच्या घड्या आडव्या असायच्या, तशी पँट लॉकरात मावते. टोपी भुवयांच्या वर सरळ हवी, ही काय नवरदेवासारखी कलती. मग शेवटी म्हणाले, “आणि ओव्हरऑल कुठाय? पांढऱ्या ड्रेसमध्ये आम्ही कामं कधी केली? तो रजेवर जाताना घालायचा, फोटो काढायला.”

ओव्हरऑल कुठेच नाही. बॉयलर रूममध्ये घामाने आणि तेलाने कुजलेलं ते कापड फाटलं की त्याच्या चिंध्या करून त्यानेच मशीन पुसायची. शिल्लक राहणार काय? जे कमी वापरलं ते उरलं, म्हणून जगातल्या सगळ्या संग्रहांत शिपाई परेडला निघालेलाच दिसतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक घेऊन. त्यात मामांच्या तुकडीतला, त्यांच्याच तालुक्यातला एक होता. त्याच्या घरी परत आलं ते फक्त किनाऱ्यावर ठेवलेलं सामान, आणि त्यात, मामा सांगतात, सगळ्यात वर घडी करून ठेवलेला पांढरा ड्रेस.

विक्रांतही वाचली नाही. १९९७ मध्ये निवृत्त, मग मुंबईत संग्रहालय, मग २०१४ मध्ये भंगारात. तिचं पोलाद वितळवून मोटरसायकलींत वापरलं. मामांच्या नातवाने तीच घेतली. मामा मागे बसले की टाकीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, दाब बरा आहे आता. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गात नौदल दिन झाला, ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेच्या अष्टकोनावरून घेतलेलं नवं चिन्ह येणार असं जाहीर झालं, तेव्हा टीव्हीसमोर सगळे गदगदले होते. मामा म्हणाले, छान आहे, स्टोकरच्या खांद्यावर काय येणार? आता ‘गुलदार’चं चाललंय. पोलंडमध्ये बांधलेलं, किनाऱ्यावर रणगाडे उतरवणारं जहाज, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं. ते निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी नेऊन पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. नातू आत्तापासून तारकर्लीला स्कूबा शिकायच्या गोष्टी करतो. मला वाटलं मामांना वाईट वाटेल. उलट खूश. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं मोडतात तिथे, गॅसकटरने चिरली जाण्यापेक्षा बरं, म्हणाले, आणि समुद्रात लोखंड गंजतं तरी ते निदान जहाजासारखं गंजतं. फक्त एक शंका. बुडवण्याआधी तेलबिल सगळं काढतात, मग इंजिन रूममध्ये जाऊन पोरगा बघणार काय?

मामा आणि पुण्याचा मुलगा यांचं आता परस्पर जमतं. दर रविवारी फोन. मला कोणी विचारत नाही. मुलाने मामांच्या सांगण्यावरून ओव्हरऑल शिवून घ्यायचं ठरवलं होतं, पण नवं शिवलेलं खोटं, असं त्याचंच मन घेईना. त्यावर मामांनी उपाय सांगितला की नवं शिव, माझ्याकडे पाठव, मी गॅरेजमध्ये वर्षभर घालतो. नातवाचं गॅरेज आहेच. मापं गेली आहेत. वाद आहे तो फक्त मामांच्या टोपीच्या बिल्ल्यावरून. मुलाला तो आहे तसा, काळवंडलेला हवा, आणि मामा म्हणतात की घाणेरडं पितळ घालून मी ऑफिसरसमोर कधी उभा राहिलो नाही, आता तुझ्या कपाटात काय म्हणून राहू? गेल्या रविवारी त्यांनी नातवाला बाजारातून ब्रासोची बाटली आणायला लावली. फोन चालू ठेवून, मुलाला ऐकू जाईल असं.